आधी दार, मग खाटा: घोडबंदर रस्त्यावरच्या एका रुग्णालयातली सेवाकपात

जूनच्या पहिल्या आठवड्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात दीड पानी परिपत्रक निघालं. जमाखर्च जुळत नसल्यामुळे १ जुलैपासून अतिदक्षता विभागाच्या आठपैकी चार खाटा बंद होणार होत्या. लॅब आणि रक्तसाठवण केंद्र रात्री दहा ते सकाळी सात बंद राहणार होतं आणि कंत्राटी सिस्टरांच्या कराराला मुदतवाढ मिळणार नव्हती. शेवटची ओळ अशी होती: 'रुग्णसेवेवर कोणताही परिणाम होणार नाही याची सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी.'

मी तेव्हा तिथे गुणवत्ता विभाग बघत होते. रुग्णालयाचं नाव देत नाही, माणसं हुद्द्यानेच येतील आणि रुग्णांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रुग्णालय ऐंशी खाटांचं. मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूती असे तीन मोठे विभाग, आणि कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी. मानपाड्यापासून गायमुखापर्यंतच्या वस्तीतला पेशंट रात्री-बेरात्री इथेच यायचा.

कपात करावी की नाही, हा वाद या प्रकरणाचा विषय नाही. ट्रस्टने मनात आलं म्हणून कात्री लावली नव्हती, पगार दोन महिने उशिरा झाले होते. प्रश्न होता तो कपातीच्या क्रमाचा. परिपत्रकात सुरुवात होती माणसं कमी करण्यापासून. पेशंट कोणते घ्यायचे आणि कोणते नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. म्हणजे १ जुलैला रात्री रुग्णालयाची मागची बाजू निम्मी झालेली असणार आणि पुढचं दार मात्र सताड उघडं.

उन्हाळ्याची सरासरी

एओ साहेबांनी, म्हणजे प्रशासकीय अधिकाऱ्यांनी, बैठकीत तक्ता आणला होता. जानेवारी ते एप्रिल, आयसीयूच्या आठपैकी सरासरी चार खाटा भरलेल्या. रात्रीच्या लॅबमध्ये चाचण्या तुरळक. रक्ताच्या पिशव्या रात्री क्वचितच बाहेर पडत. "मॅडम, जे वापरातच नाही ते बंद करतोय आपण," असं ते म्हणाले, आणि त्या तक्त्यापुरतं ते खरंच होतं.

पण ठाण्यात रुग्णालय चालवणाऱ्याला एप्रिलचा तक्ता दाखवून जुलै समजावता येत नाही. पाऊस लागला की मलेरिया, डेंगी, लेप्टो, गॅस्ट्रो एकापाठोपाठ एक येतात ते ऑक्टोबरपर्यंत. मेट्रन मॅडमनी, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांनी, मागच्या पावसाळ्याचं आयसीयूचं रजिस्टर मागवलं आणि ऑगस्टची पानं उघडून टेबलावर ठेवली. आठही खाटा भरलेल्या, शिवाय समासात पेन्सिलीने लिहिलेलं 'वेटिंग: मेल मेडिकल १'. ती पेन्सिलीची नोंद कुठल्याच तक्त्यात जात नाही. खाट मिळेपर्यंत जो पेशंट वॉर्डात सांभाळला गेला, तो आकडेवारीच्या लेखी वॉर्डाचाच.

दुसरा मुद्दा सिस्टरांच्या संख्येचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास एमएस (वैद्यकीय अधीक्षक) सरांनी आणला होता. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एओ साहेब म्हणाले, "ते अमेरिकेचं." मेट्रन म्हणाल्या, "साहेब, तिकडे चारचे पाच झाले तर काय होतं ते मोजलंय. आपल्याकडे रात्री एका सिस्टरकडे पंधरा आहेत, त्याचे बावीस होणार." अभ्यासावरचा वाद तिथेच थांबला.

कोण कोणाला फोन करतं

पुढचा आठवडा आम्ही एकच काम केलं. बंद होणारी प्रत्येक सेवा घ्यायची आणि रात्री तिला कोण फोन करतं ते रजिस्टरांवरून शोधायचं. लॅबचं रात्रीचं रजिस्टर, रक्तकेंद्राचं इश्यू रजिस्टर, टेलिफोन ऑपरेटरची वही. ऑपरेटर काकांची वही सगळ्यात उपयोगी निघाली, कारण कोणत्या वॉर्डातून कोणाला फोन लागला आणि उचलला की नाही, हे तीत वेळेसकट असायचं.

सगळ्यांचा समज होता की रात्रीची लॅब म्हणजे आयसीयूची लॅब. रजिस्टर वेगळंच सांगत होतं. पावसाळ्यात रात्रीचे सर्वात जास्त नमुने मेडिकल वॉर्डातून गेलेले, आणि त्यातले बहुतेक डेंगीचे. ज्या वॉर्डाचं परिपत्रकात नावही नव्हतं, त्यालाच कात्री सर्वात खोल लागणार होती.

हे थोडं सविस्तर सांगायला हवं. डेंगीत धोक्याचा काळ तापाचा नसतो, ताप उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपायला लागतो. रक्त दाट होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतं. हा काळ चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. त्यात दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघून सलाईन कमी-जास्त करावं लागतं. कमी पडलं तर पेशंट शॉकमध्ये जातो, जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसांत साठतं. नातेवाईक, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरसुद्धा, 'प्लेटलेट किती?' एवढंच विचारत राहतात. पण रात्री जीव सांभाळतो तो हिमॅटोक्रिट. लॅब दहाला बंद केली तर रात्री नऊचा रिपोर्ट आणि सकाळी सातचा रिपोर्ट यांमधली दहा तासांची वाट आंधळेपणाने चालायची.

रक्तकेंद्राचा धागा असाच प्रसूती कक्षाकडे निघाला. इश्यू रजिस्टरमध्ये रात्रीच्या पिशव्या खरोखरच थोड्या होत्या, पण त्यातल्या बहुतेक बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी. अशा बाईच्या बाबतीत हातात तास-दोन तास असतात. रात्री नमुना घेऊन नवऱ्याला शहरातल्या ब्लड बँकेत पाठवायचं, तिथे रक्त जुळतंय का याची क्रॉसमॅच तपासणी व्हायची, पिशवी घेऊन त्याने परत यायचं, आणि हे सगळं घोडबंदर रस्त्यावर, जिथे रात्री अवजड वाहनं सोडली की गायमुखच्या घाटापासून रांग लागते. तेवढा वेळ ती बाई थांबत नाही.

क्वचित लागते म्हणून काढून टाकली, असं रात्रीच्या सेवांचं करता येत नाही. ज्या रात्री लागते त्या रात्री दुसरं काही चालत नाही.

दार अरुंद करणं

एमएस सरांनी ट्रस्टसमोर मांडलेला प्रस्ताव कपात थांबवण्याचा नव्हता, उलट्या क्रमाने करण्याचा होता. आधी बाहेरच्यांना सांगायचं. मग ज्यांना रात्रीच्या सेवेची गरज पडू शकते असे नवे पेशंट घेणं थांबवायचं. मग आत असलेले बरे होऊन किंवा नीट हलवून संपवायचे. आणि तेवढं झाल्यावरच खाटा आणि माणसं कमी करायची. त्यासाठी त्यांनी १ जुलैची तारीख पंधरा दिवस पुढे मागितली. मिळाले दहा.

लॅबच्या बाबतीत तडजोड झाली. ऑक्टोबरअखेरपर्यंत रात्री एकच टेक्निशियन आणि मोजक्याच चाचण्या: सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट, रक्तगट. बदल्यात रविवारच्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया बंद. सर्जन नाराज झाले, पण ज्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयू लागू शकते ती निम्म्या आयसीयूच्या भरवशावर करायला तेही तयार नव्हते.

रक्तकेंद्राबाबत ट्रस्ट हललं नाही. म्हणून प्रसूती विभागाने जोखमीच्या नावनोंदण्या थांबवल्या. आधीचं सिझर, तीव्र रक्तक्षय, खाली असलेली वार (प्लासेंटा), जुळं, वाढलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर नाव घालायचं नाही. नव्यांचं सोपं होतं. आठव्या-नवव्या महिन्यात असलेल्या, पहिल्यापासून इथेच कार्ड असलेल्या बायकांचं काय करायचं, यावर मात्र दोन दिवस गेले. कुणी म्हणालं पत्र पाठवा, कुणी म्हणालं पुढच्या तपासणीला आल्या की सांगू. शेवटी ओपीडीच्या इनचार्ज सिस्टरांनी यादी घेतली आणि फोन लावायला बसल्या.

एक फोन माझ्यासमोरच झाला. पलीकडे वाघबीळची एक बाई, दुसरी खेप, हिमोग्लोबिन सातच्या खाली, नवरा रिक्षा चालवतो. ती म्हणत होती, "सिस्टर, पहिलं लेकरू तुमच्याकडंच झालं. आता ऐनवेळी कुठं जाऊ? नाव घातलंय ना मी!"

"ताई, नाव घातलंय ते खरं. पण रात्री कळा आल्या आणि रक्त लागलं तर ते इथं नसणार. तेव्हा सांगण्यापेक्षा आज सांगतेय. मी तिकडच्या मॅडमशी बोललेय, सोमवारी तुमची तपासणी लावलीय. फाइल मी देते, एकट्या जाऊ नका, ह्यांना घेऊन जा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग, "तिथं ओळखीचं कोणी नाही हो." सिस्टरांनी तिकडच्या प्रसूती वॉर्डातल्या त्यांच्या एका बॅचमेटचं नाव दिलं. बाई सोमवारी गेली. यादीतल्या सगळ्याच गेल्या असं नाही. काही जणी गावी निघून गेल्या, आणि एक 'बघू' म्हणून फोन ठेवून ऐन कळांत आमच्याच दारात आली.

तिला परत पाठवणं शक्य नव्हतं, आणि तसा विचारही कोणी केला नाही. तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. दार अरुंद करणं याचा अर्थ ठरवून येणाऱ्यांसाठी अरुंद करणं. जीव धोक्यात असलेला माणूस आला तर त्याला स्थिर करायचं आणि मग पुढे न्यायचं. तिची प्रसूती सुखरूप झाली. टेबलाशेजारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भरून ठेवलेलं होतं, कारण रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत ते दिलं तरच उपयोग होतो आणि जितक्या लवकर तितकं बरं. ते वापरावं लागलं नाही.

बाहेरच्यांना कळवणं

बैठकीत मेट्रन मॅडमनी कळव्याचा विषय काढला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या सुमारास ठाण्याचं जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हललेलं होतं आणि कळव्यावरचा भार वाढल्याची चर्चा शहरभर होती. मृतांमध्ये ठाण्याबरोबर कल्याण, शहापूर, भिवंडी, उल्हासनगरचे रुग्ण होते. मॅडमचं म्हणणं साधं होतं: "आपण चार खाटा कमी केल्या म्हणजे चार आजारी माणसं कमी झाली नाहीत. ती कळव्याला जाणार. त्यांना कळवलंय का कोणी?"

कोणीही कळवलं नव्हतं. मग एमएस सरांनी महापालिका रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि आसपासच्या खासगी रुग्णालयांच्या प्रमुखांना पत्रं दिली आणि फोनही केले. १०८ च्या समन्वयकांना सांगितलं. भागातल्या जीपी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की रात्री दहानंतर कोणते पेशंट आमच्याकडे पाठवू नयेत.

एवढ्याने भागत नव्हतं. आमच्या कॅज्युअल्टीत रात्री येणारा गंभीर पेशंट रुग्णवाहिकेतून कमी आणि रिक्षातून जास्त येतो. कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे पुष्कळदा रिक्षावालाच ठरवतो, कारण घरच्यांना त्या क्षणी काही सुचत नसतं. त्यामुळे सिक्युरिटीचे सुपरवायझर आणि दोन वॉर्डबॉय मामा मानपाडा, वाघबीळ आणि कासारवडवली नाक्यांवरच्या स्टँडवर जाऊन बोलून आले. छातीत दुखतंय, अपघात, बाळंतीण अडलीय, तर रात्री सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. कपातीच्या त्या सगळ्या धावपळीतली सर्वात कमी खर्चाची आणि माझ्या मते सर्वात कामाची गोष्ट हीच.

रस्त्यावरच्या पाटीवरून मात्र वाजलं. '२४ तास अतिदक्षता विभाग व रक्तपुरवठा' असा उजेडात झळकणारा फलक होता. एओ साहेब म्हणाले, पाटी उतरवली तर ओपीडी बसेल. आयसीयूचे डॉक्टर म्हणाले, पाटी तशीच ठेवली तर रात्री येणाऱ्याची आपण फसवणूक करतोय. आठवडाभर घोळ चालला. शेवटी त्या ओळीवर फ्लेक्सची पट्टी लावून ती झाकली, दिवा तसाच ठेवला. ओपीडी बसली नाही.

'सर ओरडतील'

कपातीनंतर आयसीयूचे डॉक्टर रात्री आवारात नसणार होते, फोनवर असणार होते. कागदावर हा छोटा बदल. प्रत्यक्षात सगळा भार रात्रीच्या सिस्टरवर आणि आरएमओवर, म्हणजे निवासी डॉक्टरवर, आला, आणि तिथे आमच्याकडची जुनी अडचण आडवी आली. रात्री तीनला मोठ्या डॉक्टरांना उठवायला सिस्टर घाबरते. उठवलं आणि पेशंट ठीक निघाला तर सकाळी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. ऑपरेटर काकांच्या वहीत हे दिसत होतं: मध्यरात्री ते पहाटे पाच फोन अगदी थोडे, आणि साडेपाच वाजल्यापासून एकदम गर्दी. पेशंट काही साडेपाचला ठरवून बिघडत नाहीत.

म्हणून निर्णय सिस्टरच्या हातून काढून तक्त्याकडे दिला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग) स्कोअर, २०१२ मध्ये आलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला, त्यांनी कोणालाही वापरायला खुला ठेवला आहे. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन लागतोय का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप, या सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज पाच झाली की आरएमओने येऊन बघायचं, सात झाली की मोठ्या डॉक्टरांना फोन. 'मला वाटलं म्हणून' असं सांगायची गरज नाही, 'स्कोअर सात आहे सर' एवढंच. दोनदा रिंग करून उचलला नाही तर पुढचा फोन थेट एमएस सरांना, आणि त्याबद्दल सकाळी कोणी स्पष्टीकरण मागायचं नाही. हे शेवटचं वाक्य सरांनी स्वतःच्या सहीने प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावलं. पहिल्याच आठवड्यात एका कन्सल्टंटनी आरडाओरडा केलाच. सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, पुढे तो आवाज थांबला.

दुसरा नियम नाइट सुपरवायझर सिस्टरसाठी होता. आयसीयूच्या चारही खाटा भरल्या आणि वॉर्डात सात स्कोअरचा एक जरी पेशंट असला तर कॅज्युअल्टीत नवीन गंभीर पेशंट दाखल करणं बंद, फक्त स्थिर करून रवानगी. आणि घरून एक सिस्टर बोलावून घ्यायचा अधिकार तिचाच. यासाठी करार संपलेल्या सिस्टरांपैकी जवळच राहणाऱ्या चौघींना मेट्रननी 'बोलावलं तर रात्रीचे पैसे' या अटीवर यादीत ठेवलं. त्या पोरींच्या दृष्टीने हा सौदा काही न्याय्य नव्हता, हे इथे लिहून ठेवायला हवं.

जुलैअखेरची एक रात्र

मेल मेडिकल वॉर्डात पंचविशीतला एक मुलगा, डेंगी, पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला होता. आई उशाशी बसून होती. दीड वाजता सिस्टर फेरीला आली तेव्हा आई म्हणाली, "सिस्टर, ताप गेला हो. सकाळी सोडाल ना?"

"काकू, सकाळचं सकाळी. जरा हात बघू द्या त्याचा."

हात गार. नाडी ११२, श्वास २२, रक्तदाब १००-८२. न्यूज स्कोअर झाला सहा. म्हणजे नुसत्या तक्त्यावर गेलं असतं तर मोठ्या डॉक्टरांना फोन लागला नसता. पण डेंगीच्या कागदावर आयसीयूच्या डॉक्टरांनी एक ओळ वेगळी घातली होती: वरचा आणि खालचा रक्तदाब यांतलं अंतर वीस किंवा त्याखाली आलं की स्कोअर कितीही असो, फोन. न्यूज स्कोअर खालचा आकडा बघतच नाही, आणि डेंगीत शॉकची चाहूल आधी त्या अंतरात लागते. इथे ते अठरा होतं.

रक्त लॅबमध्ये गेलं. अर्ध्या तासाच्या आत हिमॅटोक्रिट आलं, ४९. दाखल होताना ४० होतं. मूळ परिपत्रकाप्रमाणे हा आकडा सकाळी सातनंतर कळला असता.

आयसीयूच्या चारही खाटा भरलेल्या. आरएमओ नवा होता, त्याचा पहिला विचार पेशंट हलवायचा. फोनवरून डॉक्टरांनी नको म्हटलं. शॉकमध्ये असलेला मुलगा रुग्णवाहिकेत घालून माजिवड्याच्या ट्रकांच्या रांगेत अडकवायचा, यापेक्षा पहिला तास इथेच सलाईन देऊन बघायचं. साठ किलोचा मुलगा, किलोला दहा मिलीच्या हिशेबाने तासात सहाशे मिली, दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि प्रेशर. दरम्यान नाइट सुपरवायझरने आयसीयूत फिरून बघितलं. आतड्याच्या शस्त्रक्रियेचे एक आजोबा दोन दिवस स्थिर होते. सर्जनला फोन करून त्यांना वॉर्डात, नर्सिंग स्टेशनच्या समोरच्या खाटेवर हलवलं, यादीतली एक सिस्टर बोलावली, आणि मुलगा आयसीयूत गेला. डॉक्टर स्वतः पोचेपर्यंत तीन वाजून गेले, त्यांनाही तीच रांग लागली होती. तोवर प्रेशर ११०-७८ आणि हात कोमट.

तो चार दिवसांनी घरी गेला. आजोबांना वॉर्डात काही झालं नाही. पण त्या रात्रीचं गणित किती काठावर होतं ते सगळ्यांना कळलं: आजोबा स्थिर नसते तर दुसरा मार्ग नव्हता.

जे नीट झालं नाही

रवानगीची पद्धत सुरुवातीला ढिसाळ होती. न्यूमोनियाच्या एका वयस्कर गृहस्थांना पाठवताना समोरच्या रुग्णालयातून फोनवर 'पाठवा' एवढंच आलं. तिथे पोचल्यावर खाट नाही. दुसरीकडे नेलं, तिथेही नाही. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली तेव्हा रुग्णवाहिकेतला सिलिंडर संपत आला होता. त्यानंतर दोन गोष्टी ठरल्या. पेशंट घेणाऱ्या डॉक्टरांचं नाव, खाट क्रमांक आणि फोनची वेळ केस पेपरवर लिहिल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि ऑक्सिजन लागेल त्याच्या दुप्पट बरोबर घ्यायचा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर असतो, मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास पुरतो, तोही काठोकाठ भरलेला असेल तर. घोडबंदर रस्त्यावर अडीच तास म्हणजे फार काही नाही.

इन्सुलिनचा प्रसंग मला जास्त लागला, कारण तो कोणाच्या डोक्यातच नव्हता. माणसं कमी झाल्यामुळे आयसीयूच्या सिस्टर वॉर्डात आणि वॉर्डाच्या आयसीयूत फिरू लागल्या. वॉर्डात ४० ताकदीचं (म्हणजे मिलीला ४० युनिट) इन्सुलिन आणि लाल टोपणाच्या सिरिंज, आयसीयूत १०० ताकदीचं आणि नारिंगी टोपणाच्या. एका रात्री वॉर्डातली बाटली संपली. आयसीयूतून आलेल्या सिस्टरने सवयीने तिकडच्या फ्रिजमधून बाटली आणली आणि वॉर्डातल्या लाल सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं. म्हणजे दहा नाही, पंचवीस युनिट. शेजारच्या सिस्टरने टोचण्याआधी बाटली वाचली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवसापासून संपूर्ण रुग्णालयात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवलं. दोन्ही जागी माणसं कायमची होती तोवर हा फरक निरुपद्रवी होता. माणसं हलायला लागल्यावर तो उघडा पडला. कपातीच्या आधी असे फरक शोधायला हवेत, क्रॅश कार्टमधल्या, म्हणजे तातडीच्या औषधगाडीतल्या, औषधांचे खण वॉर्डागणिक वेगळे आहेत का इथपासून.

दमणुकीवर मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं. ऑगस्टमध्ये डबल ड्युट्या झाल्या, दोन कायम सिस्टर राजीनामा देऊन गेल्या, आणि ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती) खाटेपाशी उभं राहून द्यायचा नियम पहाटेच्या पाळीत सर्वात आधी गळायचा.

नोव्हेंबरच्या बैठकीत ट्रस्टने पुढची कपात मांडली, रात्रीचं औषध दुकान. एओ साहेबांनीच या वेळी कागद वेगळा आखून आणला होता. पहिल्या रकान्यात रात्री त्या दुकानातून काय-काय जातं आणि कुठल्या वॉर्डात, दुसऱ्यात कोणते पेशंट घेणं थांबवावं लागेल, तिसऱ्यात कोणाला कळवायचं. माणसं कमी करण्याच्या तारखेचा रकाना शेवटी होता आणि रिकामा होता. मेट्रन मॅडमनी पहिल्या रकान्यात साप चावल्यावरचं प्रतिविष आणि गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट वाढवलं, आणि कागद परत त्यांच्याकडे सरकवला.